सतरावा पाव

सोमवारी दुपारी लँटी माउन्सीनं फ्रीझर उघडला तो वाटाण्यांसाठी. बायको जाऊन तेव्हा सात तास झाले होते आणि त्या सात तासांत डॉक्टरपासून पोस्टमनपर्यंत जो आला त्यानं 'काहीतरी खाऊन घ्या' असं बजावलं होतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात या फ्रीझरचं झाकण त्यानं पहिल्यांदाच उचललं. वाटाणे सापडले नाहीत. सापडले ते पाव. गोल, तळहाताएवढे, मसाल्याचे. प्रत्येक वेगळ्या पिशवीत, आणि प्रत्येक पिशवीत विनीच्या अक्षरातली एक चिठ्ठी. चिठ्ठीवर एकच शब्द: आर्वल.

"जॅनेट," त्यानं मुलीला हाक मारली, "तुझी आई स्वतःचं सगळं करून गेली बघ."

मँचेस्टरहून तासाभरापूर्वी आलेली जॅनेट स्वयंपाकघरात आली, तिनं फ्रीझरमध्ये डोकावून पाहिलं, आणि सकाळपासून रडू आवरून धरलेल्या बाईनं जे करायचं ते केलं. पाव मोजले. सतरा भरले.

हा शब्द आमच्या खोऱ्याबाहेर आता कुणाला ठाऊक नाही. खोऱ्यातही तो रोजच्या कामाचा नाही. माणूस गेलं की शवपेटी घरातून उचलण्याआधी शेजारपाजार जमवायचा, त्यांना खाऊपिऊ घालायचं आणि घरटी एक पाव हातात द्यायचा, ते आर्वल. पाव घेणाऱ्यानं गेलेल्याबद्दल एक गोष्ट सांगायची. ती चांगली असावी असा आग्रह नाही, खरी असली म्हणजे झालं. ज्या घरातून माणूस गेलं त्या घराला मात्र पाव नाही. त्यांनी द्यायचा, घ्यायचा नाही.

आणि सांगावा तोंडीच गेला पाहिजे. एकानं पायी फिरून घरोघरी सांगायचं, घरटी दोन माणसांना बोलवायचं, उंबऱ्याबाहेर उभं राहून, टोपी काढून. कुणाकडे आत जायचं नाही, चहाचा घोट घ्यायचा नाही. आणि मातीच्या दिवशी त्यानंच दाराबाहेर उभं राहून घरं मोजून घ्यायची. शेवटचं घर आत गेलं की मगच त्यानं आत पाय ठेवायचा. गेली तीस वर्षं हे काम विनी करत होती. कुठली घरं हद्दीत, कुठली बाहेर, याची यादी तिच्या डोक्यात होती, आणि आता ते डोकं पुढच्या खोलीत उशीवर शांत टेकलेलं होतं.

"डॅड, मी पेपरात देते. आणि गावाच्या ग्रुपवर टाकते. पाच मिनिटांचं काम," जॅनेट म्हणाली.

"तुझ्या आजोबांच्या वेळी काय झालं ठाऊक आहे ना?"

"एक घर राहिलं होतं."

"बेक फूटचे हडसन राहिले. एकोणीस वर्षं बोलले नाहीत आपल्याशी. शेवटी न्यूझीलंडला गेले."

"त्यांचा मुलगा तिकडे होता, डॅड."

"आम्ही एका खोऱ्यात राहायला नको म्हणून गेले," लँटी म्हणाला. "तेव्हापासून तुझ्या आईनं हे काम अंगावर घेतलं. शनिवारी मला म्हणाली, 'लँटी, माझ्या वेळी एक घर चुकवलंस तर मी तिथे धड पडून राहणार नाही.' मी म्हटलं, नाही चुकवणार. नीट ऐकून घेतलं तिनं. परत एकदा म्हणायला लावलं."

यावर जॅनेटनं फोन खिशात ठेवला.

मंगळवारी सकाळी लँटी लग्नातला काळा कोट घालून हाय रिगवरून, म्हणजे आपल्या घरून, निघाला. अडचण एवढीच होती की त्याला खोऱ्यातली मेंढरं पाठ होती, माणसं नव्हती. कानावरची खूण पाहून मेंढी कुणाची ते तो अर्ध्या मैलावरून सांगे. पण त्या कुणाच्या तरी घरात आता कोण राहतं हे विचारायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. ते खातं विनीचं होतं. त्यानं हिशेब असा केला की सांगावा घराला असतो, माणसांना नव्हे. धुराडं आहे तिथं जायचं.

हा हिशेब त्याच्या वडिलांच्या काळात बिनचूक ठरला असता. मधल्या वर्षांत खोऱ्यातल्या इतर सोळा धुराड्यांपैकी अकरांखाली आठवड्याच्या भाड्यानं सुट्टीवाले राहायला लागले होते. ऑक्टोबरातली शाळांची सुट्टी असल्यामुळे अकराही घरं भरलेली होती.

पहिल्याच घरी, बर्क हाउसला, दार उघडलं ते गुलाबी टी-शर्टातल्या, डोक्यावर चमचमता मुकुट घातलेल्या एका मुलीनं. लग्नाआधीची धमाल करायला विगनहून आठजणी आल्या होत्या. अकरा वाजता त्यांच्याकडे एक पुरुष यायचा होता. त्याचं काम कपडे काढण्याचं होतं आणि पैसे आगाऊ दिलेले होते.

लँटीनं टोपी काढली. आतून टाळ्या आणि शिट्ट्या झाल्या.

"जरा वयस्कर पाठवलाय गं," कुणीतरी म्हणालं.

"गुरुवारी अकरा वाजता," लँटी खालमानेनं म्हणाला, "हाय रिगवर विनिफ्रेड माउन्सीचं आर्वल आहे. मातीला या. घरटी दोन."

शिट्ट्या थांबल्या. मुकुटवाल्या मुलीनं, स्टेसी तिचं नाव, मुकुट हळूच काढून पाठीमागे धरला.

"तुमच्या... कोण?"

"बायको."

"हो," स्टेसी म्हणाली. "म्हणजे, हो, येतो ना आम्ही."

त्या सांगाव्याच्या वाक्यात नकाराला जागाच नाही. पूर्वजांनी ते तसंच घडवलं असावं. शिवाय टोपी हातात घेऊन दारात उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्याला 'आम्ही त्यांना ओळखत नाही हो' असं तोंडावर सांगणं हे इंग्रज माणसाला, मग तो विगनचा असो की लंडनचा, जिवावरचं वाटतं. त्यापेक्षा तो अनोळखी बाईच्या मातीला जाणं पत्करतो. पुढच्या घरातले स्टॉकपोर्टचे सहा सायकलवाले "नक्की येऊ" म्हणाले. मधुचंद्राला आलेलं जोडपं "आम्हाला फार वाईट वाटलं" म्हणालं, आणि लँटी वळल्यावर बराच वेळ एकमेकांवर, तू का हो म्हणालास, तू का हो म्हणालीस, यावरून भांडलं. ते त्यांचं पहिलं भांडण होतं. प्रत्येक घराची समजूत अशी झाली की बाकीची सगळी घरं बाईंना चांगली ओळखत असणार.

चौदाव्या घरी श्री. पेनफोल्ड उतरले होते. लीड्सचे निवृत्त मास्तर. जुन्या बोलीतले मेलेले शब्द गोळा करून त्यांचा कोश करायचं काम अकरा वर्षं करत होते. एकेका शब्दाला एकेक कार्ड. शब्द वापरातून गेल्याची खात्री झाली की कार्डाच्या कोपऱ्यात बारीकसा क्रूस काढायचा. 'आर्वल'वर क्रूस काढण्याआधी शेवटची खातरजमा म्हणून ते विनीला भेटायला आले होते.

लँटीनं टोपी काढून वाक्य म्हटलं. पेनफोल्डसाहेबांचा चेहरा एका बाजूनं पडला आणि दुसऱ्या बाजूनं उजळला. हे बघायला फार विचित्र वाटतं.

"वाक्यात वापरलात," ते पुटपुटले. "अगदी सहज. अहो, माफ करा. मनापासून वाईट वाटलं. पुन्हा म्हणाल का?"

लँटीनं पुन्हा म्हटलं. बहिरा असेल बिचारा, असं त्याला वाटलं.

"गुरुवारी अकराला त्यांनी मलाही बोलावलं होतं," पेनफोल्ड खिशातून पत्र काढत म्हणाले. "मी विचारलं होतं, हा शब्द तुम्ही अजून वापरता का? त्यांनी लिहिलं, 'वापरते, पण देवाच्या कृपेनं रोज नाही. गुरुवारी अकराला या. मी घरीच असेन.'"

"असेल ना," लँटी म्हणाला. "उचलायची वेळ साडेअकराची आहे."

मग पेनफोल्डनी, काहीतरी बोलायला हवं म्हणून, आपल्याला जे येत होतं ते सांगितलं. शब्द हजार वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून आलेल्या नॉर्स लोकांचा. 'आर्व' म्हणजे वारसा, त्याला जोडून बिअर. वारसाहक्काची बिअर. वारसानं सगळ्यांना बोलावून प्रेत उघडं दाखवायचं, म्हणजे यानंच घाई केली असं मागाहून कुणी म्हणायला नको.

"म्हणजे मी तिला मारलं नाही हे दाखवायला?"

"मुळात तसं होतं, हो."

लँटीनं विचार केला. "एक्कावन्न वर्षांत मला मारायला तिच्याकडे बरीच कारणं होती," तो म्हणाला. "माझ्याकडे एकही नव्हतं."

पेनफोल्डनी ते कार्डावर लिहून घेतलं. मग कार्ड उलटून मागची बाजू कोरी आहे ना ते पाहिलं. "सवय आहे," ते ओशाळून म्हणाले. "लोक खरी गोष्ट नेहमी मागच्या बाजूला लिहितात. आत येता? चहा?"

"चालत नाही," लँटी म्हणाला आणि पंधराव्या घराकडे निघाला.

बुधवारी नाश्त्याला बसल्यावर जॅनेटनं कागदावर घरं उतरवली. सोळा झाली. पुन्हा उतरवली. पुन्हा सोळा.

"पाव सतरा आहेत," लँटी म्हणाला.

"एखादा जादा केला असेल, डॅड."

"तुझी आई? जादा?" जॅनेटनं कागद बाजूला सारला. विनीनं आयुष्यात कधी एक बटाटाही जादा सोलला नव्हता.

लँटीनं नाश्ता टाकून पुन्हा कोट चढवला. वरच्या खाणकामगारांच्या पडक्या झोपडीला एकेकाळी धुराडं होतं हे त्याला आठवलं. तो तासभर चढून तिथं गेला, टोपी काढली आणि दार नसलेल्या चौकटीसमोर पूर्ण वाक्य म्हटलं. आत उभी असलेली मेंढी त्याच्याकडे पाहत राहिली. मेंढी टायसनची होती आणि टायसनला सांगून झालं होतं. तिथून तो डोंगरात हरवलेल्यांना शोधणाऱ्या पथकाच्या शेडवर गेला. शेडला कुलूप होतं, त्यानं कुलपाला सांगितलं. तळ्याकाठी एक डच जोडपं गाडीतच राहत होतं. गाडीच्या छतावर पत्र्याची छोटी नळी पाहून लँटीनं काच वाजवली. डच लोकांना 'नाही' म्हणायला अजिबात संकोच वाटत नाही. ते "नाही, आम्ही उद्या सकाळी स्कॉटलंडला जातोय" म्हणाले, आणि लँटीला, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, कुणीतरी नीट उत्तर दिल्यासारखं वाटलं.

परत आल्यावर तो पुढच्या खोलीच्या दारातून म्हणाला, "विनी, कुठलं घर गं?" मग थोडा वेळ तिथंच थांबला. सवयीनंच. ती उत्तर द्यायच्या आधी नेहमी हातातलं काम पुरं करत असे.

गुरुवारी पाऊस होता. साडेदहापासून लँटी आपल्याच घराच्या दाराबाहेर, टोपी हातात, कोट चिंब, उभा राहिला. आत शवपेटी, पेटीपाशी टेबल, टेबलावर सतरा पाव आणि त्यांच्यामागे जॅनेट. गल्लीतून छत्र्या वर येऊ लागल्या तेव्हा पाद्रीबाईंनी चष्मा पुसला. रविवारी त्यांच्या चर्चमध्ये नऊजण असतात. गुरुवारी हाय रिगवर बेचाळीस आले. घरटी दोन हे कुणीच मनावर घेतलं नव्हतं. अशा प्रसंगी मागं कोण राहणार?

सायकलवाल्यांकडे काळं काहीच नव्हतं. ते पोपटी रंगाच्या घट्ट कपड्यांत आले होते आणि दंडाला त्यांनी पंक्चरच्या ट्यूबची काळी पट्टी बांधली होती. विगनच्या आठजणींनी गुलाबी टी-शर्ट उलटे घातले होते. त्यामुळे 'होणारी नवरी' ही अक्षरं स्टेसीच्या छातीवर आतून उलटी दिसत होती आणि ती त्यांना हातानं झाकायचा प्रयत्न करत होती.

लँटी घरं मोजत होता. एक. दोन. तीन.

आत पहिला पाव स्टॉकपोर्टच्या सायकलवाल्यांच्या म्होरक्याच्या हातात पडला, आणि जॅनेटनं हळू आवाजात सांगितलं की आता आईबद्दल एक गोष्ट सांगायची. पाठच्या रांगेला कळून चुकलं की आपली पाळीही येणार. मधुचंद्रवाल्यानं बायकोचा हात धरला, भांडण मिटलं.

सायकलवाला लाल झाला. "मी त्यांना," तो म्हणाला, "म्हणजे प्रत्यक्ष..." मग थांबला. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरचं अक्षर तो पाहत होता. ठसठशीत, उजवीकडे झुकलेलं. "थांबा. न्हाणीघरातली चिठ्ठी यांनी लिहिलीय का? 'गरम पाण्याचा नळ डावीकडचा. तो ओरडतो, पण मनानं वाईट नाही'?"

"शनिवारी सगळी भाड्याची घरं आईच साफ करायची," जॅनेट म्हणाली. "चिठ्ठ्या तीच ठेवायची."

"आमच्याकडेपण आहे!" स्टेसी छाती झाकायची विसरून म्हणाली. "फ्रिजवर. 'मुलींनो, मजा करा. तिसरी पायरी सैल आहे आणि दोन पेल्यांनंतर ती आणखी सैल होते.' आमची डॉन पडलीच तिसरीवरून. तेव्हापासून आम्ही रोज तिथून उतरताना म्हणतो, बाई सांगत होत्या."

"आमच्या उशाशी," मधुचंद्रवाली म्हणाली, आणि तिला पुढं बोलवेना. नवऱ्यानं सांगितलं. "'खिडकी रात्री आपोआप उघडते. एकमेकांना दोष देऊ नका, दोष खिडकीचा आहे.'"

बाहेर उंबऱ्यापलीकडे पावसात लँटी हे ऐकत होता. शनिवारी ती झाडू आणि बादली घेऊन जाते एवढंच त्याला माहीत होतं. तिकडे ती इतकी बोलत असे हे त्याला एक्कावन्न वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. घरी ती त्याला चिठ्ठ्या लिहीत नसे. गरजच काय, तो समोरच असायचा.

खोऱ्यातली पाच जुनी घरं आली, आपापली गोष्ट सांगून पाव घेऊन बाजूला झाली. पंधरा. शेवटी पेनफोल्ड. सोळा. टेबलावर एक पाव उरला.

सव्वाअकरा झाले. साडेअकरा झाले. पेटी उचलणारे चारजण कोटाची बटणं लावून उभे राहिले.

"डॅड, आत या आता," जॅनेट म्हणाली.

"एक घर यायचंय."

"लँटी, चर्चमध्ये घंटावाला खोळंबलाय," पाद्रीबाई म्हणाल्या.

"शेवटचं घर आत गेल्याशिवाय मला आत येता येत नाही, बाई. आणि मी आल्याशिवाय तिला उचलता येत नाही." तो गल्लीकडे बघत होता. गल्लीत पावसाशिवाय कुणी नव्हतं. त्याच्या टोपीतून पाणी ठिबकत होतं. "मी चुकवलं एक. नक्की चुकवलं. तिनं दोनदा म्हणवून घेतलं होतं माझ्याकडून."

बेचाळीस माणसं सोळा पाव घेऊन उभी होती आणि एकालाही काय करावं ते सुचत नव्हतं. सायकलवाल्यानं, आम्ही दोन घरं म्हणून चालेल का, असं विचारलं. टायसन म्हणाला, "हडसनांना न्यूझीलंडला फोन लावायचा का?" आणि तो थट्टा करत नव्हता.

पेनफोल्डनी तेवढ्यात उरलेल्या पावाची पिशवी उचलली. आतली चिठ्ठी काढली. आर्वल. पुढच्या बाजूला एवढंच. मग सवयीनं त्यांनी ती उलटली.

त्यांनी ती दोनदा वाचली आणि जॅनेटला दिली. जॅनेटनं वाचली आणि परत त्यांच्याच हातात ठेवली. "मला जमणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही वाचा."

पेनफोल्ड दाराशी आले. "'लँटी,'" त्यांनी वाचलं, "'सतरावं घर आपलं. रीत नाही, मला ठाऊक आहे. पण सगळ्यांना आत पाठवून तू बाहेर भिजत उभा राहशील, तेही मला ठाऊक आहे. आत ये. विनी.'"

लँटीनं उंबऱ्याकडे पाहिलं, पण पाऊल उचललं नाही.

"सांगावा आल्याशिवाय येता येत नाही," तो शेवटी म्हणाला. "आणि स्वतःला स्वतः सांगता येत नाही."

हेही खरंच होतं. सगळे पेनफोल्डकडे पाहू लागले. दाराच्या सगळ्यात जवळ तेच होते. ते उंबरा ओलांडून पावसात गेले, लँटीसमोर उभे राहिले आणि त्यांनी टोपी काढली. अकरा वर्षं शब्द कार्डावर उतरवलेल्या या माणसानं त्यातला एकही कधी तोंडात घेतला नव्हता.

"आज... आता," ते म्हणाले, "हाय रिगवर विनिफ्रेड माउन्सीचं आर्वल आहे. मातीला या. घरटी दोन."

"दोन कुठून आणू?" लँटी म्हणाला. "आमच्या घरात एकच उरलंय."

पेनफोल्डनी वळून दारातून आत पाहिलं. पेटी अजून तिथंच होती.

"अजून दोन आहेत," ते म्हणाले. "पाच-दहा मिनिटं आहेत."

लँटीनं पाय पुसले, विनी असताना पुसायचा तसे, दोनदा. मग तो आत आला. जॅनेटनं त्याच्या हातात पाव ठेवला. आता त्यानंही एक गोष्ट सांगायला हवी होती. बेचाळीस माणसं थांबली. त्यानं पाव मोडला, एक तुकडा पेटीच्या झाकणावर ठेवला, दुसरा तोंडात टाकला आणि सावकाश चावला.

"जायफळ जास्त झालंय," तो तिला म्हणाला. "दर वेळी सांगतो."

मग त्यांनी तिला उचललं. सगळ्यांच्या मागे उभ्या असलेल्या पेनफोल्डनी खिशातून कार्ड काढलं. शेवटचा वापर कुणी केला, या रकान्यात त्यांना लिहिता येईना; कोशकारानं स्वतः वापरलेला शब्द पुरावा म्हणून धरत नाहीत, असा नियम त्यांनीच केला होता. त्यांनी रकाना कोरा ठेवला, क्रूसही काढला नाही. कार्ड उलटलं आणि मागच्या बाजूला लिहिलं: जायफळ जास्त.